वादळात अडकलेली सहल : हॅवलॉक बेटावरचे पाच दिवस

हिवाळा जवळ आला की ओळखीपाळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो : अंदमानला जायचे तर कधी जावे? पर्यटनाच्या पुस्तिकांत नोव्हेंबर ते मार्च असे छापलेले असते. ते खोटे नाही. पण बंगालच्या उपसागरात वादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याच्या आधीचा, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. दुसरा पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे पुस्तिकेतला चांगला काळ आणि वादळांचा काळ यांतले दीडदोन महिने एकमेकांवर चढलेले आहेत. २०१३ च्या नोव्हेंबरात 'लेहर' वादळ अंदमान ओलांडून गेले. २०१९ च्या जानेवारीत, जेव्हा सगळे निर्धास्त असतात तेव्हा, 'पाबुक' थायलंडकडून आले. आम्ही गेलो ते या दोन्हींच्या मधल्या साली, २०१६ च्या डिसेंबरात.

आमच्यासारखी घरे एरवी एवढ्या लांबच्या बेटावर जात नाहीत. नागपूरकराचा प्रवास म्हणजे मुंबई, हैदराबाद, अजमेर, फार तर काश्मीर. पण आमच्या घरात केंद्र सरकारची नोकरी आहे, आणि २०१४ पासून सरकारने एलटीसीत एक सवलत दिली होती : ज्यांना एरवी विमानाचा हक्क नाही अशा कर्मचाऱ्यांनाही अंदमानसाठी चेन्नई किंवा कोलकात्यापासून पोर्ट ब्लेअरपर्यंत विमानाने जाता येत होते. घरापासून चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे विमान. हिशेब बसला. आम्ही दोघे, अम्मी, आपा आणि तीन मुले असे सात जण २ डिसेंबरला तामिळनाडू एक्स्प्रेसने निघालो. सामानात संत्रा बर्फीचे चार डबे, चिवडा, अम्मींचे इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत आणि खिशात चोवीस हजार रुपये. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता, आणि आठवड्याला बँकेतून तेवढेच काढता येत होते. आपांनी दोन दिवस रांगेत उभे राहून ते आणले होते. बहुतेक रक्कम दोन हजारांच्या नव्या गुलाबी नोटांत, म्हणजे सुटे मिळण्याची मारामार.

पोर्ट ब्लेअरला ४ तारखेला पोचलो. (२०२४ पासून या शहराचे नाव श्रीविजयपुरम झाले आहे, पण आमच्या तिकिटांवर पोर्ट ब्लेअरच आहे, म्हणून तेच लिहितो.) त्या दिवशी सेल्युलर जेल पाहिले. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षे हे तुरुंगाचे बांधकाम चालले. सात पंख होते, आता तीन उरले आहेत. महाराष्ट्रातून येणारी माणसे सावरकर बंधूंच्या कोठड्या पाहतात आणि परततात. आमच्या थोरलीने विचारले की जेल बांधण्याआधी कैदी कुठे राहत होते? चांगला प्रश्न होता. १८५७ च्या उठावानंतर पहिली तुकडी मार्च १८५८ मध्ये इथे उतरवली गेली, तेव्हा जेल नव्हते, जंगल होते. त्या सुरुवातीच्या बंदिवानांत मौलाना फज्ले हक खैराबादी होते. त्यांनी उठावाची हकीकत कैदेत असताना अरबीत लिहिली. १८६१ मध्ये त्यांचा इंतकाल इथेच झाला आणि कबरही इथेच आहे. १८७२ च्या फेब्रुवारीत व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांना इथल्या होपटाउनच्या धक्क्यावर मारणारा शेर अली आफ्रिदी हाही इथलाच कैदी. त्याला महिनाभरात वायपर बेटावर फाशी झाली. पुढे १९२१ च्या मलबारच्या उठावातले मोपला मुसलमान आणले गेले. त्यांच्या मुलानातवंडांनी वसवलेल्या गावांची नावे आजही कालिकत, मंजेरी, तिरूर अशी आहेत. आबर्डीन बाजारात मल्याळी, बंगाली, तमिळ, हिंदुस्तानी बोलणारे मुसलमान एकाच हॉटेलात चहा पिताना दिसतात. अम्मींना याचे फार अप्रूप वाटले.

५ तारखेला सकाळी बोटीने हॅवलॉक गाठले. पाण्याचा रंग मुलांनी आधी मोबाईलवर पाहिला होता, आणि तो रंग वाढवून दाखवलेला असणार अशी मधल्याची खात्री होती. तसे नव्हते. धाकटी पाण्याला हात लावून पुन्हापुन्हा विचारत होती की यात रंग कुणी टाकला. दुपारी राधानगरच्या किनाऱ्यावर होतो. तिथे घड्याळाची एक गंमत कळली. अंदमानची वेळ आपलीच, पण जागा नागपूरच्या पूर्वेला चौदा रेखांश. त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि मगरिबची वेळ होते. असर झाली म्हणून चटई गुंडाळेपर्यंत अंधार. त्या संध्याकाळी सूर्य दिसला नाही. ढग होते, हवा थांबलेली होती, आणि किनाऱ्यावरचा नारळपाणीवाला आपली गाडी नेहमीपेक्षा लवकर आवरत होता.

रात्री पाऊस सुरू झाला. नागपूरकराला पाऊस नवा नाही, पण आपल्याकडचा पाऊस येतो आणि जातो. हा येतच राहिला. आमचा मुक्काम बाजारापासून थोड्या अंतरावरच्या एका बंगाली कुटुंबाच्या लॉजमध्ये होता. पाच खोल्या, पत्र्याचे छप्पर, मागे सुपारीची बाग. पत्र्यावर असा आवाज की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागे. ६ तारखेला दिवसभर वीज येत-जात होती. आली की मालकाच्या टीव्हीवर चेन्नई दिसे. आदल्या रात्री जयललितांचे निधन झाले होते आणि सगळ्या वाहिन्यांवर मरिना किनाऱ्यावरचा अंत्यविधी चालू होता. अंदमानचा पाऊस त्या दिवशी कुणाच्याच बातमीत नव्हता. नागपुरात आमच्या भाईजानांनाही तोपर्यंत काही ठाऊक नव्हते. ते फोनवर विचारत होते की चेन्नईत दंगाधोपा तर नाही ना, परत येताना जपून या.

७ तारखेला आमची नील बेटाची बोट होती. सकाळी गोविंदनगरच्या धक्क्यावर गेलो तर तिथे शेदोनशे माणसे बॅगा घेऊन उभी. खिडकी बंद. सरकारी बोट नाही, खाजगीही नाही. समुद्राकडे पाहिल्यावर कारण विचारायची गरज नव्हती. परवाचे हिरवे पाणी शिशासारखे झाले होते आणि लाटा धक्क्यावरून उडत होत्या.

एक गोष्ट पुढे वाचून कळली, ती इथेच सांगतो. आम्ही अडकलो त्या दिवशी वादळ हे वादळ नव्हतेच. हवामान खात्याच्या भाषेत तो तीव्र कमी दाबाचा पट्टा होता. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला की मग त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव देतात. ते नाव ८ तारखेला मिळाले. म्हणजे बोटी बंद पडायला, वीज जायला, हजारभर माणसे अडकायला नाव असलेले वादळ लागत नाही. बेटावर सगळे काही पाण्यावरून येते : भाजी, डिझेल, गॅस, औषधे, पर्यटक. पाणी बंद झाले की दुसऱ्या दिवशी दुकान रिकामे.

तसेच झाले. ७ च्या दुपारपर्यंत बाजारातून बटाटे आणि ब्रेड गेले. मच्छीमारांच्या होड्या ओढून वर ठेवलेल्या, म्हणून मासळी नाही. आम्ही हलालच्या विचाराने मासळीवरच विसंबलो होतो, पण तो प्रश्न खिचडीने सोडवला. एटीएमसमोर लांब रांग होती. आधी त्यातले पैसे संपले, मग नेटवर्क गेले. त्या काळी बेटांचे इंटरनेट उपग्रहावरून चाले. चेन्नईहून समुद्राखालची केबल यायला २०२० चा ऑगस्ट उजाडला. कार्ड चालत नाही, जुनी पाचशेची नोट कुणी घेत नाही, दोन हजारांचे सुटे नाहीत. आमच्यापेक्षा वाईट हालत बाजूच्या लॉजवरच्या एका नवविवाहित जोडप्याची. त्यांच्याकडे रोख अकराशे रुपये होते.

माणसांचे दोन्ही नमुने त्या दोन दिवसांत दिसले. एका रिसॉर्टने मुदत संपलेल्या पाहुण्यांना त्याच खोलीचे दुप्पट भाडे सांगितले, म्हणून ती माणसे पावसात आमच्या लॉजवर आली. आमच्या मालकिणीने, त्यांना सगळे 'दीदी' म्हणत, पडवीत गाद्या टाकल्या आणि सांगितले की पैसे घरी गेल्यावर बँकेतून पाठवा. आम्ही आमची एक खोली एका मराठी कुटुंबाला दिली. ते अमरावतीचे, त्यांच्याबरोबर दीड वर्षाचे मूल. इतक्या लांबच्या बेटावर विदर्भाचीच दोन घरे एका पत्र्याखाली आली. संत्रा बर्फीचा तिसरा डबा तिथे संपला.

खरी काळजी अम्मींची होती. त्यांना पंधरा वर्षांपासून शुगर. दोन वेळा इन्सुलिन. वीज गेली तसा लॉजचा फ्रीज बंद, जनरेटरचे डिझेल दीदींनी रात्रीच्या दिव्यांसाठी राखून ठेवलेले. आपा घाबरल्या. पावसात छत्री उलटी होत असताना आम्ही बेटावरच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. तिथे तरुण डॉक्टर होते, त्यांच्यापुढे उलट्या-जुलाबाचे आणि घसरून पडलेले बरेच पेशंट. त्यांनी शांतपणे सांगितले की वापरात असलेली कुपी थंड, सावलीच्या जागी चार आठवडे टिकते, फ्रीज बंद झाला म्हणून ती फेकायची नाही. ऊन आणि गरमी लागू देऊ नका, एवढेच. धोका इन्सुलिनचा नाही, जेवणाचा आहे. इंजेक्शन घेतले आणि जेवण उशिरा मिळाले तर शुगर खाली जाईल, ते जास्त वाईट. दीदींनी कुपी एका प्लॅस्टिकच्या डबीत घालून मातीच्या ओल्या मडक्यात ठेवली. त्या दिवसापासून घरात जे शिजेल त्यातले पहिले ताट अम्मींचे असा नियम झाला. रात्री उशाशी बर्फीचा शेवटचा डबा ठेवला, शुगर उतरली तर हाताशी असावा म्हणून. धाकटीला ही व्यवस्था अजिबात पटली नाही.

८ तारखेला वारा सर्वांत जोरात होता. बागेतली सुपारीची झाडे जमिनीला टेकत आणि पुन्हा उभी राहत. काही उभी राहिली नाहीत. दिवस मोठा वाटत होता. मुले पत्ते खेळून कंटाळली तेव्हा दीदींचे सासरे बोलू लागले. ते लहान असताना १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांबरोबर इथे आले. सरकारने घराला पाच एकर भातजमीन आणि पाच एकर डोंगराळ जमीन दिली. जंगल तोडून गावे वसवली आणि गावांना नावे दिली गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. बेटाला मात्र साहेबाचेच नाव राहिले. हेन्री हॅवलॉक हा १८५७ चा उठाव चिरडणारा इंग्रज सेनापती. ज्या उठावातल्या कैद्यांसाठी अंदमान वसले, तो दडपणाऱ्याचेच नाव इथल्या बेटाला! २०१८ च्या डिसेंबरअखेर ते बदलून स्वराज द्वीप केले गेले, नीलचे शहीद द्वीप झाले. आजोबांनी त्सुनामी पाहिली होती, निकोबारात काय झाले तेही ऐकले होते. ते म्हणाले, हे वारे दोन दिवसांत जाईल, लाट आणखी एक दिवस घेईल. अगदी तसेच झाले.

नमाजेचा प्रश्न मुलांनी काढला. ढगांत सूर्य नाही, दिशा कशी कळायची? फोनचा कंपास चालत होता. इथून किब्ला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येतो. मग थोरलीने विचारले, पाच दिवस एकाच जागी आहोत, आता कसर की पूर्ण? अम्मींनी उत्तर दिले : पंधरा दिवस राहायची नियत नाही, रोज उद्या निघू म्हणतो आहोत, म्हणजे अजून मुसाफिरच. वुजूला पाणी पुरेसे होते, पागोळ्याखाली बादल्या लावल्या होत्या.

नागपूरला तोपर्यंत हलकल्लोळ. ७ तारखेच्या संध्याकाळी टीव्हीवर हॅवलॉकमध्ये आठशे पर्यटक अडकल्याची बातमी आली, मग आकडा चौदाशेवर गेला. फोन लागत नव्हते. बीएसएनएलचा एक मोबाईल अधूनमधून जिवंत होई, तो मालकांचा, आणि त्याच्यापुढे पंधरा जणांची रांग. प्रत्येकी एक मिनिट. आपांनी त्या मिनिटात भाईजानांना एवढेच सांगितले की सगळे छपराखाली आहोत, अम्मींचे औषध आहे, जेवतो आहोत. कुठल्याही अडचणीत घरच्यांना सांगायच्या गोष्टी बहुतेक एवढ्याच असतात.

नौदलाने ७ तारखेलाच पोर्ट ब्लेअरहून चार जहाजे पाठवली होती : बित्रा, बंगारम, कुंभीर आणि एलसीयू ३८. बित्रा आणि बंगारम ही लक्षद्वीपमधल्या बेटांची नावे, तर कुंभीर हे रणगाडे वाहायचे जहाज. पण समुद्र इतका खवळलेला की त्यांना बेटाला लागता येईना. ती बाहेर थांबून राहिली. किनाऱ्यावरून ती दिसावीत म्हणून मधला पावसात दोनदा जाऊन आला. पावसाच्या पडद्यापलीकडे काही दिसले नाही.

९ तारीख, जुम्याचा दिवस. पहाटे पत्र्याचा आवाज थांबला आणि त्या शांततेनेच सगळे जागे झाले. आठपर्यंत धक्क्यावर याद्या सुरू झाल्या. पोलिस आणि प्रशासनाची माणसे नावे लिहीत होती : आजारी, म्हातारी माणसे, लहान मुलांच्या आया आधी. थोडी ढकलाढकली झाली. एक गृहस्थ आपली ओळख सांगून पुढे जाऊ पाहत होते, त्यांना रांगेतल्या बायकांनीच मागे पाठवले. वरून हेलिकॉप्टर येत-जात होती. अम्मी, आपा आणि मुले दुपारी चढली, बाकीच्यांना तासाभराने त्याच जहाजावर जागा मिळाली. जहाजावर खुर्च्या वगैरे काही नव्हते. लोखंडी डेकवर बसायचे, हातात प्लॅस्टिकची पिशवी, कारण लाट अजून होती. नाविकांनी लिंबाचे पाणी आणि बिस्किटे वाटली. एका तरुण नाविकाने धाकटीला आपली टोपी घातली आणि तिचे रडणे थांबवले. अमरावतीचे बाळ सगळा वेळ झोपून होते. हॅवलॉक आणि नील मिळून दोन हजारांहून अधिक माणसे त्या मोहिमेत बाहेर काढली गेली.

पोर्ट ब्लेअरला उतरलो तेव्हा वाटले संपले. संपले नव्हते. आमचे परतीचे विमान १२ तारखेचे, चेन्नईचे. आणि आमच्या डोक्यावरून गेलेले वादळ आता ताकद वाढवत त्याच बाजूला निघाले होते. बातम्यांत आता त्याचे नाव येत होते : वर्दा. मराठी वर्तमानपत्रांनी ते 'वरदा' असे छापले आणि लोकांना वर देणारी देवी आठवली. पण या समुद्रातल्या वादळांची नावे आसपासचे देश पाळीपाळीने देतात, हे नाव पाकिस्तानने सुचवलेले होते आणि अरबी-उर्दूत वर्दा म्हणजे गुलाब. आपा म्हणाल्या, काट्यांचा हिशेब बरोबर आहे.

१० तारखेला हवामान खात्याचा अंदाज आंध्र आणि उत्तर तामिळनाडूच्या किनाऱ्याकडे बोट दाखवत होता. आम्ही चेन्नई सोडून द्यायचे ठरवले. एलटीसीच्या कागदात मार्ग बदलला तर बिल अडकेल का, ही सरकारी नोकराच्या मनातली भीती वादळापेक्षा लहान नसते. पण अम्मींना पुन्हा एका वादळात न्यायचे नव्हते. ११ तारखेची कोलकात्याची तिकिटे मिळाली, हावड्याहून गाडी धरली. १२ च्या दुपारी वर्दा चेन्नईवर आदळले. विमानतळ बंद झाला, हजारो झाडे पडली, गाड्या रद्द झाल्या. आम्ही तेव्हा आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये होतो. रायपूरच्या स्टेशनवर चहावाल्याच्या मोबाईलवर आम्ही ती चित्रे पाहिली.

आता विचारणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. अंदमानला जरूर जा, पण बेटांवरचे मुक्काम सहलीच्या पहिल्या भागात ठेवा आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये मोकळे ठेवा. आम्हाला ते दिवस हाताशी होते म्हणून तिकीट बदलायला वेळ मिळाला. घरात नियमित औषध घेणारे कुणी असेल तर सहलीच्या दिवसांच्या दुप्पट औषध न्या, अर्धे एका बॅगेत, अर्धे दुसऱ्या बॅगेत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. रोख पैसे सुट्या नोटांत. मोबाईल भरायची बॅटरी. हवामान खात्याचे रोजचे पत्रक आता फोनवर वाचता येते. त्यात 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' असे वाक्य दिसले की तुमची बोटही जाणार नाही असे धरून चाला आणि त्याच दिवशी किराणा भरा. आणि बोट चालू आहे पण समुद्र खवळलेला आहे असे असेल, तर एजंट काहीही म्हणो, लहान मुलांना घेऊन बसू नका.

दीदींचे पैसे जानेवारीत बँकेतून पाठवले. त्यांनी खोल्यांचे भाडे दोनच दिवसांचे लावले होते, आम्ही पाचांचे पाठवले. फेब्रुवारीत टपालाने एक पिशवी आली, त्यात सोललेली सुपारी. आमच्याकडे सुपारी कुणी खात नाही. अम्मींनी ती मोहल्ल्यात वाटली, आणि प्रत्येक घरी बसून पूर्ण हकीकत सांगितली. एलटीसीचे बिल मात्र मंजूर व्हायला सात महिने लागले.